अकरावीतली अकरावी

प्रोजेक्टरची केबल लागत नव्हती, म्हणून पहिली दहा मिनिटं आम्ही लायब्ररीतल्या बुटक्या खुर्च्यांवर बसून हवेबद्दल बोललो. ऑक्टोबर २०२३. बदामाची काढणी नुकतीच संपली होती आणि धूळ अजून खाली बसायची होती. शाळेच्या साइट काउन्सिलची ती त्या वर्षातली दुसरी मीटिंग. कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांमध्ये अशी एक समिती असते. प्रिन्सिपल, शिक्षक, ऑफिसातलं कुणीतरी, आम्ही पालक, आणि हायस्कूल असेल तर विद्यार्थीसुद्धा. शाळेचा वर्षाचा आराखडा या समितीपुढे येतो. मी तिथं कशी पोचले ही गोष्ट काही फार उदात्त नाही. पालकांच्या तीन जागा होत्या आणि हात तिघांनीच वर केले होते.

केबल लागली आणि पडद्यावर निकालाचा तक्ता आला. इकडे तिसरी ते आठवी दरवर्षी सरकारी परीक्षा असते, आणि मग मध्ये खंड पडून थेट अकरावीला. म्हणजे हायस्कूलची चार वर्षांची सगळी अब्रू एका अकरावीवर. आधी 'सर्व विद्यार्थी' अशी एक ओळ, मग खाली एकेक गट: हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे), गोरे, इंग्रजी शिकणारे, आर्थिकदृष्ट्या मागे असलेले, अपंगत्व असलेले. 'एशियन' या ओळीत आदल्या वर्षीपर्यंत एक तारा असायचा, बस. या वेळी तिथं आकडा होता. परीक्षा दिलेले विद्यार्थी: ११.

नियम असा, की दहा किंवा त्याहून कमी मुलांनी परीक्षा दिली असेल तर त्या गटाचा निकाल छापायचा नाही, तारा टाकायचा. मुलं इतकी कमी की निकालावरून कोण ते ओळखू येईल, म्हणून ही आडकाठी. विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा इथं १९७४ पासून आहे. माझी लेक त्या वर्षी अकरावीत होती. आम्ही ओहायोतून इथं आलो नसतो तर त्या ओळीत दहा मुलं असती, आणि तारा तसाच राहिला असता. अकरावीतली अकरावी! असा एक फालतू विनोद मनात आला आणि त्या खोलीत तो सांगावा असं कुणीच नव्हतं.

प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "इंग्रजीत आपण साडेपाच पॉइंट घसरलो." खोलीत जरा शांतता पसरली. माझ्या शेजारी बसलेल्या ट्रॅक्टर मेकॅनिक गृहस्थांनी वहीत '५.५' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मी मात्र अण्णांची मुलगी असल्यामुळे टक्क्यांवर लगेच विश्वास ठेवू शकत नाही. मी फोनवर गणित केलं. आदल्या वर्षी ४७ पैकी २९ मुलं पास होती, म्हणजे ६१.७० टक्के. या वर्षी ४८ पैकी २७, म्हणजे ५६.२५. आदल्या वर्षीइतकेच टक्के यायला या वर्षी तीन मुलं जास्त पास व्हायला हवी होती.

तीन पोरं. साडेपाच पॉइंट म्हणजे ही तीन पोरं.

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात एका छोट्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. पट कायम काठावरचा. एका वर्षी दहावीला नऊ मुलं बसली आणि नऊच्या नऊ पास झाली. तालुक्याच्या निकालाच्या यादीत शाळा पहिली, शंभर टक्के, नारळ, शाल, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं भाषण. पुढच्या वर्षी परत नऊच मुलं बसली आणि एक मुलगी गणितात गेली. निकाल ८८.८९. त्याच यादीत शाळा पार तळाला. शिक्षक तेच, फळा तोच, पावसात गळणारं कौलही तेच. अण्णा यादी घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "पॉइंट एकोणनव्वद कुठून आलं गं? पोरगी काय तुकड्यातुकड्याने नापास झाली?"

मला तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं. अमेरिकेत आल्यावर कळलं की हीच गोष्ट पुरेशी न ओळखल्यामुळे इथं फार मोठ्या रकमा खर्च झाल्या आहेत. २००० च्या सुमाराला इथल्या शिक्षणतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की सर्वोत्तम निकालाच्या शाळांच्या यादीत लहान शाळा खूप दिसतात. मग निष्कर्ष ठरलेला: लहान शाळा चांगल्या. मोठी हायस्कुलं फोडून लहान करा. गेट्स फाउंडेशनने हायस्कुलं सुधारण्यासाठी नऊ वर्षांत २ अब्ज डॉलरहून जास्त अनुदानं दिली, आणि २००९ च्या वार्षिक पत्रात खुद्द बिल गेट्स यांनी कबूल केलं, की पैसा घातलेल्या बऱ्याच लहान शाळांमध्ये मुलांच्या निकालात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. हॉवर्ड वेनर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे पाचवीचे निकाल घेऊन त्यातली मेख दाखवली. सर्वात वरच्या ५० शाळांत लहान शाळा त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या, हे खरंच. पण सर्वात खालच्या ५० शाळांतही त्या तशाच, किंबहुना थोड्या अधिकच भरलेल्या होत्या. वरच्या टोकाकडे सगळ्यांनी पाहिलं, खालच्याकडे बघायचं राहून गेलं. मुलं कमी असली की सरासरी नुसती हिंदकळते. एकदा वर, एकदा खाली. अण्णांची शाळा दोन वर्षांत दोन्ही यादी फिरून आली होती.

(लहान शाळांचा सगळाच प्रयोग फसला असंही नाही. न्यूयॉर्क शहरात जिथं प्रवेश लॉटरीने दिले गेले, तिथं नशिबाने लहान शाळा मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात हायस्कूल पूर्ण करताना दिसली. लॉटरीची तुलना म्हणजे तुलना. यादीची नव्हे.)

तर तीन पोरं. कोणाचा निकाल काय लागला हे काउन्सिलला सांगत नाहीत, सांगूही नये. पण दोनशे मुलांच्या शाळेत न सांगताही बरंच कळतं. परीक्षेच्या आठवड्यात एक मुलगा रात्रभर वडिलांबरोबर बागेत पाणी धरायला जात होता, कारण पाण्याची पाळी रात्रीची आली होती. तो पहिल्या तासाला कॉम्प्युटरपुढे बसला आणि झोपला. सुपरवायझर म्हणून बसलेल्या बाईंनी मला हे हसत सांगितलं होतं, मे महिन्यात. ऑक्टोबरमध्ये तो पोरगा पडद्यावर दोन टक्के होऊन आला. ४८ मधला एक म्हणजे २.०८.

आता त्या अकरांच्या ओळीकडे येते, कारण घरी येताना माझ्या डोक्यात तीच होती. टक्का बरा होता. एकानं म्हटलंसुद्धा, "एशियन मुलं नेहमीप्रमाणे मस्त." त्यात वाईट हेतू नव्हता. मीही हसले. पण ही अकरा मुलं मला एकेक माहीत होती. पाच पंजाबी: कुणाच्या बापाचा ट्रक, कुणाची स्वतःची बदामाची बाग, कुणाचा बाप दुसऱ्याच्या बागेत. चार ह्मोंग: आजीआजोबा १९७५ नंतर लाओसमधून थायलंडच्या निर्वासित छावण्यांमार्गे इथं आलेले, इथल्या फ्रेझ्नो शहराच्या आसपास भाजीपाला पिकवणारे. एक मुलगा जपानी वंशाचा, त्याच्या घरची चौथी पिढी या मातीत. आणि एक माझी, डॉक्टर बापाची मुलगी, जिच्या खोलीत पुस्तकांची भिंत आहे आणि जिला पाणी धरायला कुणी कधी नेलेलं नाही. या सगळ्यांची सरासरी काढली की जे उत्तर येतं ते कुणाचंच नसतं. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला मुलगा, बीडचा ऊसतोड मजुराचा मुलगा आणि मेळघाटातला कोरकू मुलगा यांची सरासरी काढून 'मराठी मुलं नेहमीप्रमाणे' म्हणण्यासारखं.

हे खाने तरी कुठून आले? फॉर्मवर आधी विचारतात, तुम्ही हिस्पॅनिक की नाही. मग वंश. आपण या खान्यांत कसे आलो हाही एक तमाशाच आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व मिळणार नाही. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. १९८० मध्ये 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र चौकोन आला. म्हणजे साठ वर्षांत एकाच पंजाबी घराण्याने जागचं न हलता तीन वंश पाहिले. आमच्या गावात अशी घरं आहेत ज्यांचे पणजोबा शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्यात शेतावर राबायला आले. त्यांचा पणतू आज माझ्या लेकीबरोबर एका ओळीत बसतो आणि दोघांना एक टक्का मिळतो.

लेकीची आणखी एक गंमत. नववीत नाव घालताना घरच्या भाषेचा फॉर्म असतो: मूल बोलायला लागलं तेव्हा पहिली भाषा कोणती, घरी मोठी माणसं कोणती बोलतात. मी अभिमानाने सगळीकडे 'मराठी' लिहिलं. महिन्याच्या आत शाळेने तिला इंग्रजी येतं का याच्या परीक्षेला बोलावलं. क्लीव्हलँडमध्ये जन्मलेली मुलगी! परीक्षा देऊन आली ती दार आपटूनच. "आई, चित्र दाखवून विचारलं, इथं काय चाललंय ते सांग." मी म्हटलं, मग सांगितलंस का? "मी म्हटलं, बहुतेक माझ्या आईने फॉर्म भरलाय."

विनोद सोडला तर 'इंग्रजी शिकणारे' या ओळीत एक विचित्र गोम आहे. जो मुलगा इंग्रजीत तयार होतो तो त्या गटातून बाहेर पडतो. गटात राहतात ते अजून तयार न झालेले, आणि दरवर्षी नव्याने आलेले. म्हणजे शिक्षकांनी कितीही जीव ओतला तरी ती ओळ मागेच दिसणार, कारण पुढे गेलेल्याला ओळीतून काढून टाकणं हेच तर त्या गटाचं काम. पुढे गेलेल्यांना काही वर्षं त्याच गटात मोजायची सवलत कायद्याने आता दिली आहे, त्यामुळे थोडं बरं चित्र दिसतं. तरीही दवाखान्याचं यश वॉर्डात उरलेल्या पेशंटांवरून ठरवण्यासारखंच आहे ते. आमच्या घरी ही उपमा चालते, कारण घरात दवाखाना आहे.

आर्थिक परिस्थितीचा खाना मात्र मी जवळून पाहिला आहे, कारण ऑगस्टमध्ये मी नावनोंदणीच्या टेबलावर बसते. अमेरिकन शाळांत गरिबी मोजण्याचं जुनं माप म्हणजे दुपारचं जेवण. १९४६ च्या कायद्याने राष्ट्रीय शालेय जेवणाची योजना आली. आज घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. किती मुलांना हे जेवण लागू होतं त्यावरून शाळा किती गरीब ते ठरतं. ताटावरून जात ओळखणारे आपण. इथं ताटावरून वर्ग ओळखतात.

पण २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियाने सगळ्याच मुलांना दोन्ही वेळचं खाणं फुकट केलं. फार चांगलं झालं. रांगेत कोण फुकटातलं आणि कोण पैशाचं हा भेद संपला. आणि त्याचबरोबर जेवणाचा फॉर्म भरायचं कारणही संपलं. इथं माझं टेबल येतं. कारण राज्याचा पैसा अजून त्या उत्पन्नाच्या माहितीवरच येतो. २०१३ पासूनच्या सूत्रात कमी उत्पन्नाच्या, इंग्रजी शिकणाऱ्या किंवा पालनपोषण गृहातल्या प्रत्येक मुलामागे डिस्ट्रिक्टला (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात, आणि अशा मुलांचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेलं की त्यावर आणखी. म्हणजे एकेक फॉर्म म्हणजे पैसा, आणि पैसा म्हणजे समजा अर्धवेळ काउन्सेलर.

मी फॉर्म पुढे करते. समोरची बाई वाचते, परत माझ्याकडे सरकवते. "जेवण तर फुकटच आहे ना?" हो. "मग उत्पन्न कशाला विचारता?" शाळेला पैसे मिळतात म्हणून. "ही माहिती कुणाकडे जाते?" इथं मात्र तिचा आवाज खाली येतो. तिला काय विचारायचं आहे ते तिलाही माहीत असतं आणि मलाही. नागरिकत्वाचा प्रश्न या फॉर्मवर नाही, मी बोट ठेवून दाखवते. काही जणी भरतात. काही 'घरी जाऊन भरते' म्हणतात आणि तो फॉर्म परत येत नाही. त्या मुलीची गरिबी मग त्या वर्षी कागदावर नसते.

दुसऱ्या बाजूला त्याच दिवशी एक नर्स बाई आल्या होत्या. तीन मुलं, नवरा नाही. चौघांच्या कुटुंबाला त्या वर्षीची मर्यादा ५५,५०० डॉलर होती. त्यांनी रकमेवर नजर टाकली आणि फिसकन हसल्या. "मी दोन रविवार जास्त काम केलं गेल्या वर्षी." एवढंच. आणि बदामाची चाळीस एकर बाग असलेल्या एका पंजाबी काकांचा मुलगा मात्र त्या खान्यात बसतो, कारण आई किंवा वडील यांपैकी कुणीच हायस्कूल पूर्ण केलेलं नसेल तरी कॅलिफोर्नियात मूल 'सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित' धरतात. मला हा नियम खरं तर पटतो. घरात गृहपाठ बघणारं कुणी नसणं हीही एक गरिबीच. पण मग पडद्यावर ती ओळ वाचताना आपण नेमकं कशाचं प्रमाण वाचतोय, पैशाचं, शिक्षणाचं, की फॉर्म परत आणून देण्याचं?

मी हे मीटिंगमध्ये विचारलं नाही. वेळ कमी होता आणि पिझ्झा गार होत होता.

१९६६ च्या जुलैत, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या तोंडावर, अमेरिकन सरकारने समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा शिक्षणातल्या समान संधीबद्दलचा अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ४,००० शाळा, ६ लाखांवर मुलं. अपेक्षा अशी होती की काळ्या मुलांच्या शाळांना कमी साधनं मिळतात, म्हणून निकाल कमी, हे सिद्ध होईल. निघालं ते वेगळंच. इमारत, प्रयोगशाळा, खर्च यांपेक्षा मुलाचं घर आणि बाजूला बसणारी मुलं यांचा निकालाशी संबंध जास्त दिसला. तेव्हापासून या वाक्यावर दोन पक्ष आपापली पोळी भाजत आले आहेत. एक म्हणतो, मग शाळेला दोष देऊ नका. दुसरा म्हणतो, मग शाळेवर खर्च कशाला करता? शिक्षकांच्या खोलीत पहिला पक्ष बसतो, आणि घर विकत घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आमच्या मित्रमंडळींनी आम्ही इथं राहायला आल्यावर पहिल्यांदा काय विचारलं असेल? "स्कूल रेटिंग किती?" दहापैकी चार, मी म्हटलं. पलीकडून "अगं..." एवढाच आवाज आला, जसं काही कुणाच्या आजारपणाची बातमी कळली. घरं विकणाऱ्या वेबसाइटवर प्रत्येक घराखाली तो आकडा असतो. आकड्यावरून घरांच्या किमती ठरतात, किमतीवरून शेजारी ठरतात, शेजाऱ्यांवरून शाळेतली मुलं, आणि मुलांवरून परत आकडा. सापाने आपलं शेपूट धरलं आहे आणि त्यावर सगळे कर्ज काढतायत.

शाळेचं स्वतःचं असं जे काही आहे, ते ना त्या चारमध्ये दिसतं ना गटांच्या ओळींत. आमच्याकडे विज्ञानाचे एकच सर केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही शिकवतात, म्हणून एक वर्ष केमिस्ट्री, एक वर्ष फिजिक्स. लेकीच्या बारावीला फिजिक्सचं वर्ष आलं, ती नशीबवान. तिच्या मागच्या वर्गातल्या मैत्रिणीला इंजिनिअर व्हायचं होतं, तिचं बारावीचं वर्ष केमिस्ट्रीचं निघालं. तिने फिजिक्स ऑनलाइन केलं, रात्री, धाकट्या भावंडांना झोपवून. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत जायचं तर ठरावीक पंधरा वर्षभराचे कोर्स लागतात, त्यात गणित तीन वर्षं, परकी भाषा दोन वर्षं, आणि प्रत्येकात किमान 'सी'. हायस्कूल पास होण्याचा राज्याचा किमान नियम मात्र दोन वर्षं गणितावर भागतो. म्हणजे मूल टोपी घालून, गाऊन घालून, बँडच्या तालावर स्टेजवरून चालत जातं, फोटो निघतात, आजी रडते, आणि विद्यापीठाचं दार तरीही बंद असतं. मोठ्या शाळेत चुकलेला कोर्स दुसऱ्या तासाला मिळतो. आमच्याकडे दुसरा तास नाही. एका वर्षी स्पॅनिशच्या बाई जानेवारीत सोडून गेल्या आणि बदली शिक्षक मिळेपर्यंत अख्ख्या वर्गाची दुसऱ्या वर्षाची भाषा लटकली. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचा वर्ग होता तो, हे आणखी.

पुढचा तक्ता हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणाचा. नववीत आलेल्यांपैकी चार वर्षांत किती जण पास होऊन बाहेर पडले, असं ते मोजतात. मध्ये आलेली मुलं धरायची, दुसऱ्या शाळेत गेलेली वजा करायची. पण वजा करायला कागद लागतो. दुसऱ्या शाळेकडून 'आमच्याकडे दाखल झाला' असं आलं पाहिजे. नाही आलं, तर तो मुलगा तुमच्याच खात्यावर गळालेला म्हणून राहतो. हे प्रमाण दोन तृतीयांशावर किंवा त्याखाली आलं की केंद्राच्या २०१५ च्या कायद्यानुसार शाळा 'मदतीची गरज' असलेल्या यादीत जाते. आमच्या ऑफिसातल्या बाई डिसेंबरनंतर फोनला चिकटून बसलेल्या असतात ते याचसाठी. ओरेगनमध्ये, अॅरिझोनात, मेक्सिकोत फोन. "तुमच्याकडे अमुक आला का हो?"

मुलं डिसेंबरात का जातात, तर हंगाम संपतो म्हणून. शेतमजुरांसाठी सरकारी वसाहती आहेत, त्या हंगामापुरत्या उघडतात. आणि कित्येक वर्षं नियम असा होता, की पुढच्या हंगामात तिथं घर हवं असेल तर मधल्या काळात किमान तीन महिने पन्नास मैलांच्या बाहेर राहून आलं पाहिजे. म्हणजे कुटुंबाने हलायचं हे सरकारच सांगणार, आणि मूल हललं तर गळती शाळेच्या नावावर. २०१८ मध्ये शाळकरी मुलं असलेल्या काही कुटुंबांना त्यातून सूट मिळाली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऑफिसातल्या बाईंना साखरशाळांबद्दल सांगायला लागले: दिवाळी झाली की बैलगाड्या भरून माणसं कारखान्याकडे निघतात, गावातल्या शाळेचा पट निम्म्यावर येतो, आणि मूल दोन्हीकडच्या कॅटलॉगात असतं किंवा दोन्हीकडे नसतं. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तिथं फोन कुणाला करतात?"

मला उत्तर देता आलं नाही. २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती, एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते, पण पेपरातला फोटो कापून ठेवला होता त्यांनी. शाईचं बोट वर करून हसणारी पोरं. "हजर असल्याचा पुरावा बघ," म्हणाले.

आणि एक खाना आहे ज्याबद्दल मीटिंगमध्ये फार हळू बोलतात. जिमच्या मागे दोन पोर्टेबल खोल्या आहेत, ते आमच्या डिस्ट्रिक्टचं कंटिन्युएशन हायस्कूल. क्रेडिटमध्ये मागे पडलेली, सोळा वर्षांवरची मुलं तिकडे जातात. त्याला वेगळा कोड, वेगळा निकाल. पोरगं मैदान ओलांडून गेलं की आमच्या तक्त्यातून जातं. खरं सांगायचं तर तिथल्या बाई उत्तम आहेत, वर्ग बारा मुलांचा असतो, आणि माझ्या ओळखीची दोन मुलं केवळ तिथं गेल्यामुळे हायस्कूल पूर्ण करू शकली. तरी मला ते मैदान दिसलं की सतरा नंबरचा फॉर्म आठवतो. आपल्याकडे कच्च्या मुलाला नववीतच हळूच सुचवतात: तू बाहेरून बस, सतरा नंबर भर. शाळेचा निकाल शंभर टक्के राहतो. अण्णांनीही एका वर्षी एका मुलाकडून तो भरून घेतला होता. त्या वर्षी वरून दडपण होतं, असं आई सांगते. स्वतः अण्णा तसलं काही सांगत नाहीत. ते फक्त त्या मुलाचं नाव घेतात, तो आता कराडला गॅरेज चालवतो म्हणतात, आणि विषय बदलतात. शंभर टक्के निकालाच्या इतर वर्षांतली नावं त्यांना आता आठवत नाहीत.

लेक गेल्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोला शिकायला गेली. धाकटा नववीत आला म्हणून माझी काउन्सिलवरची जागा टिकली. या वेळी तीन जागांना दोनच हात होते. परवा, ऑक्टोबर २०२४ ची मीटिंग झाली. तीच लायब्ररी, केबल मात्र नवी. 'एशियन' ओळीत पुन्हा तारा. नव्याने आलेल्या पालकांनी विचारलं, हा तारा कशाचा? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तो मी लावला होता. मी म्हटलं, मुलं दहापेक्षा जास्त नाहीत, ओळखू येऊ नयेत म्हणून. ते म्हणाले, "ओह," आणि पुढच्या ओळीकडे वळले.

घरी येताना अंधार झाला होता. बागांमधून जाणारा सरळ रस्ता, पुढे एकच ट्रक. मी ताऱ्यामागची नावं मोजायला लागले. ट्रकवाल्यांची दोघं भावंडं, एक अकरा महिन्यांनी लहान म्हणून एकाच वर्गात. टोमॅटोवाल्यांची मुलगी. बाजारात आजीबरोबर बसतात ती ह्मोंग जुळी. गुरुद्वारात तबला वाजवतो तो. डेंटिस्टचा मुलगा. मिरची पिकवणाऱ्यांचा थोरला. आठ झाली. घराच्या वळणाला आठवलं, तो थोरला डिसेंबरातच मिनेसोटाला मामाकडे गेला, परीक्षेच्या आधी. तिकडून कागद आला की नाही, ते ऑफिसात विचारायला हवं.